इटलीत अँड्रिया हे बाप्याचं नाव? हो, आणि त्याचा खरा त्रास कुठे होतो

काका, तुमची अँड्रिया इटलीत तोरिनोला (ट्युरिनला) शिकायला निघालीय आणि तिथे हे पुरुषाचं नाव आहे म्हणे, खरं का, अर्थ काय, हा तुमचा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही. मीही अँड्रियाच, मूळची वसईची, आता बोलोन्यात.

खरं आहे. मूळ ग्रीक आन्द्रेआस, 'पुरुष' या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. शौर्य, मर्दानगी यांचे ग्रीक शब्दही त्याच कुळातले. इटलीत शेवटी 'आ' आला म्हणून बाई होत नाही. लुका, निकोला, मात्तिया सगळे बाप्येच. वास्तुविशारद आन्द्रेआ पाल्लादिओ, गायक आन्द्रेआ बोचेल्ली, फुटबॉलपटू आन्द्रेआ पिर्लो, तेही. पोर्तुगीजांत मात्र पुरुष आंद्रे, बाई आंद्रेया. २०१२ साली इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलीलाही हे नाव चालेल म्हटलंय, तेव्हा नाव बदलायच्या फंदात पडू नका.

जपायचं ते कोदिचे फिस्कालेला, म्हणजे तिथल्या कर-क्रमांकाला. आपल्या पॅनसारखा, पण १६ अक्षर-अंकांचा, आणि त्यात जन्मतारीख असते. बाईच्या तारखेत ४० मिळवतात. माझी तारीख ९, म्हणजे तिथे ४९ हवे. कचेरीच्या खिडकीतल्या बाबाने नाव वाचलं आणि ०९ ठोकून दिलं. पासपोर्टवरचं 'एफ' बोटाने दाखवलं, तर म्हणे, "सिन्योरा, इथे आन्द्रेआ म्हणजे पुरुषच!" समोर उभ्या बाईला सिन्योरा म्हणतो आणि कागदावर पुरुष करतो! मग भाडेकरार, बँक, हेल्थ कार्ड, सगळीकडे तोच नंबर. दुरुस्तीला गेले तर जन्मदाखला आणा, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणूनचा सरकारी शिक्का) आणा, भाषांतर आणा. अख्खा हिवाळा त्यात गेला. एकानेही 'आमचं चुकलं' म्हटलं नाही.

म्हणून कागद हातात पडला की तिथेच, खिडकीसमोर तारीख तपासायला सांगा.

आणखी एक. पासपोर्टात नावाच्या रकान्यात वडिलांचंही नाव असेल तर याच कोडातली नावाची तीन अक्षरं बदलतात. नुसत्या अँड्रियाचं 'एनडीआर' होतं, अँड्रिया पीटरचं 'एनआरपी'. विद्यापीठाच्या अर्जात एक आणि पासपोर्टात दुसरं, असं करू नका. मी काही वकील नाही, शिवाय प्रत्येक शहराची तऱ्हा न्यारी, तेव्हा विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षालाही विचारून घ्या.

वसतिगृहाच्या फॉर्मवरचा लिंगाचा रकानाही बघा, नाहीतर पोरीला मुलांच्या मजल्यावर खोली द्यायचे.