गार आधी दगड, मग थंड

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मनालीहून परतल्यावर त्यांच्या मुलीने शाळेच्या निबंधात ‘सकाळी बर्फ पडत होता’ असं लिहिलं. बाईंनी ‘बर्फ’ खोडून वर ‘हिम’ लिहिलं. बर्फ चुकीचा आहे का? तो पडायला नेमकं काय लागतं? आणि ठाण्या-मुंबईत कितीही थंडी पडली तरी तो का पडत नाही?

चुकीचा मुळीच नाही. ‘फ्रीजमधला तो बर्फ, आकाशातून पडतं ते हिम’ हा नियम कुणी केला ते कळत नाही, पण शाळाशाळांतून तो घोकून घेतला जातो. शब्द फारसी आहे आणि फारसीत ‘बर्फ’ म्हणजे आकाशातून पडणारा, भुसभुशीत, तोच! पाणी गोठून झालेल्या घट्ट बर्फाला फारसीत वेगळा शब्द आहे, ‘यख’. पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, अवेस्तेत, या शब्दाचं रूप ‘वफ्र’ होतं. पुढे र आणि फ यांनी जागा बदलल्या, व चा ब झाला. म्हणजे त्या मुलीने शब्द अगदी मूळ अर्थाने वापरला. आपल्या किनाऱ्यावर बर्फ ढगातून कधी उतरलाच नाही, तो जहाजातून उतरला. 1834 मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून मुंबईला बर्फ आला तो लाद्यांनी. मासळी बाजारातही आपण लादीच पाहतो. म्हणून आपल्या कानाला बर्फ म्हटलं की टणक काहीतरी वाटतं. तो आपल्या भूगोलाचा परिणाम आहे, त्यावरून शुद्धाशुद्ध ठरवू नये.

‘हिम’ही उत्तमच. हिमाचं मराठीत ‘हिंव’ झालं, त्यावरून हिवाळा आणि हिवताप. तेव्हा घाम पुसत ‘यंदा हिवाळा जाणवलाच नाही’ म्हणणारा ठाणेकरही हिमाचंच नाव घेत असतो.

आता पडण्याचं. नुसती थंडी पुरत नाही. हवेत भरपूर ओल हवी, ती हवा वर चढून निवायला हवी, आणि ढगात तापमान शून्याच्या बरंच खाली हवं. उणे 15 अंशांच्या आसपास सहा फाट्यांचे नक्षीदार स्फटिक सर्वांत जोमाने वाढतात. ढगात शून्याखालीही न गोठलेले पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. त्यांची वाफ होत जाते आणि ती स्फटिकावर थेट बर्फ होऊन बसते. थेंब आटतात, स्फटिक वाढतो. मग तो खाली येईपर्यंत वाटेतली हवाही थंड हवी. जमिनीवर एक-दोन अंश असले तरी चालतं, हवा कोरडी असेल तर थोडं जास्तही चालतं, पण ऊबदार हवेचा जाड थर मध्ये आला की स्फटिकाचं पाणी झालंच.

ठाण्यात नेमकं हेच होतं. पावसाळ्यात आपल्या डोक्यावर शून्य अंशाची पातळी साधारण पाच किलोमीटरवर असते. कळसूबाई 1646 मीटर, म्हणजे त्याच्या तिप्पट उंचीवर. उंच ढगांत तिथे बर्फाचे स्फटिक खुशाल बनतात आणि येऊरच्या डोंगरावर पाऊस होऊन पोचतात. हिवाळ्यात उत्तरेचा गार वारा येतो तो कोरडा असतो, आभाळ निरभ्र. ओल असते तेव्हा थंडी नाही, थंडी असते तेव्हा ओल नाही. आणि थंडी तरी किती? मुंबईचा नीचांक 22 जानेवारी 1962 चा, 7.4 अंश. सिमला-मनालीला उंची आहेच, शिवाय हिवाळ्यात भूमध्य समुद्राकडून येणारे कमी दाबाचे पट्टे, म्हणजे पश्चिमी विक्षोभ, ओलही पुरवतात. दोन्ही एकाच वेळी जुळतं, म्हणून तिथे बर्फ पडतो.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दिसतं ते ‘दहिवर’. शांत, निरभ्र रात्री जमीन आणि गवत उष्णता टाकतं, पातं शून्याला पोचतं आणि त्याच्यावर दव गोठतं किंवा वाफ थेट बर्फ होऊन बसते. वरून काहीही पडलेलं नसतं. इतका सुरेख शब्द शाळेच्या भूगोलात असताना बातमीत ‘हिमवर्षाव’ का लिहितात?

आणि खरा संताप गारांचा येतो. अवकाळीत मुरबाड-शहापूरकडे गारा पडल्या की अंगणातल्या पांढऱ्या थराची चित्रफीत सोसायटीच्या ग्रुपवर येते, खाली लिहिलेलं असतं ‘ठाणे जिल्ह्यात बर्फवृष्टी!’ गार ही बर्फाच्या अगदी उलट परिस्थितीत जन्मते. तिला सहसा तापलेली जमीन लागते. वर झेपावणारा जोरदार वारा लागतो, उंचच उंच गडगडाटी ढग लागतो. त्यात गोठलेला कण वर उचलला जातो, शून्याखालचे थेंब त्याला चिकटून गोठतात, थरावर थर चढतात, आणि वाऱ्याला पेलवेनाशी झाली की ती दाणकन खाली येते. स्फटिक अलगद उतरतो, गार आदळते. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातल्या ज्या शेतकऱ्याने उभं पीक झोपलेलं पाहिलं, त्याला विचारा तो ‘बर्फवृष्टी’ म्हणेल का. आपल्याकडे नेमका शब्द आहे, गारपीट. पीट म्हणजे पिटणं, झोडपणं!

आता मूळ गार. ‘थंड असते म्हणून गार’ असं सर्रास सांगितलं जातं. मला ते उलटं वाटतं. माझं मत असं की गार हा आधी दगड आहे. गारगोटी पाहा. तिच्यात थंडीचा काय संबंध? ती पांढरी, टणक, आपटली की ठिणगी देणारी. तसाच पांढरा टणक दगड आभाळातून पडला, त्यालाही लोक गार म्हणाले. गारेचा स्पर्श थंड, म्हणून ‘गार’ हे विशेषण झालं. मग त्यातून गारवा, गारठा, गारेगार, थंडगार. संस्कृतचा दाखला घ्या. अमरसिंहाच्या अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या पद्यबद्ध शब्दकोशात, गारेला ‘करका’ आणि ‘वर्षोपल’ म्हटलंय. उपल म्हणजे दगड, वर्षोपल म्हणजे पावसातला दगड. इंग्रजीतल्या हेलस्टोनमध्येही दगडच आहे. ग्रीकांनी हाच रस्ता उलट्या दिशेने चालला. त्यांचा ‘क्रुस्तालोस’ आधी बर्फ, मग गारगोटीच्या जातीचा स्फटिक, कारण स्फटिक म्हणजे कधीच न वितळणारा बर्फ अशी समजूत होती. जी जोडी ग्रीकांना सुचली, ती सह्याद्रीच्या माणसाला का सुचू नये?

‘गपगार’ही मी याच खात्यात घालतो. गप्प बसलेला माणूस थंड कशाला असेल? तो दगडासारखा बसलेला असतो. ‘गार पडला’ म्हणजे निपचित झाला, तेही दगडाशीच जुळतं. ‘हिरवंगार’ तेवढं या हिशेबात बसत नाही, तिथे डोळ्यांना वाटणारा गारवाच मानावा लागेल. बांधकामाचा मातीचा गारा मात्र यात कुणी आणू नये, तो शब्द वेगळा.

अमरकोशाचा दाखला दिला म्हणून त्यातलं सगळंच मान्य आहे असं नाही. ‘अवश्यायस्तु नीहारस्तुषारस्तुहिनं हिमम्’ असं म्हणत त्याने दव, धुकं, तुषार आणि हिम एका पंगतीला बसवले. कवीला छंद जुळवायला सोय झाली, पण आज तेच पर्याय म्हणून पाठ करायला लावणं चूक आहे. दव पात्यावर जमतं, धुकं हवेत तरंगतं, हिम ढगातून येतं. पाऊसपाण्यावर जगणाऱ्या भाषेला हे फरक सांभाळावेच लागतात. गारांना तर अमरानेही या पंगतीत घेतलं नाही, त्यांना वेगळं पान वाढलं.

ताईंनी निबंधात ‘बर्फ पडत होता’ तसंच राहू द्यावं. आणि दगडाबद्दल मला आणखी पुरावा हवा आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत, किंवा मुरबाडकडच्या वाड्यापाड्यांवर, ‘गार’ हा शब्द दगड या अर्थाने कुणी ऐकला असेल, तर ते वाक्य जसंच्या तसं, गावाच्या नावासकट कळवा.