साडेपाच लाखांची गाडी, साडेतीन लाखांची दुरुस्ती

प्रश्न : मी सोलापूरचा, वय ३७. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यात भागीदार आहे. चौदा महिन्यांपूर्वी पुण्यातील एका गृहस्थांकडून बीएमडब्ल्यू ३२५आय ही परदेशातून आयात झालेली, २००४ साली नोंदवलेली पेट्रोल गाडी ५,५०,००० रुपयांना घेतली. टायर आणि सस्पेन्शनवर आणखी ९०,००० रुपये झाले. गेल्या महिन्यात मागून खटखट आवाज येऊ लागला म्हणून गाडी लिफ्टवर घेतली, तेव्हा मागची सबफ्रेम (मागची चाके धरणारी चौकट) जिथे बोल्टने बसते तिथला बॉडीचा पत्रा दोन ठिकाणी फाटलेला दिसला. पुण्याच्या गॅरेजने २,६०,००० रुपयांचे अंदाजपत्रक दिले आहे. इथले एक वेल्डर ३५,००० रुपयांत काम करून देतो म्हणतात. दरमहा मी ९५,००० रुपये घरी आणतो. त्यातून घराचा हप्ता २७,००० रुपये आणि घरखर्च, मुलांची फी धरून ४८,००० रुपये जातात. हाताशी १,६०,००० रुपयांची शिल्लक आहे. आईची ४ लाखांची मुदत ठेव आहे आणि ती मोडायला आई तयार आहे. बँक ३ लाखांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्क्यांनी देते. कर्ज काढावे, ठेव मोडावी, की ३५,००० रुपयांत काम करून गाडी विकून टाकावी? दुरुस्ती केली नाही तर घातलेले सगळे पैसे पाण्यात जातील, ही भीती आहे.

उत्तर : सर्वप्रथम एक विनंती. ही गाडी आजपासून रस्त्यावर काढू नये. पुण्याला दाखवायला न्यायची असली, तरी ती स्वतः चालवत न नेता फ्लॅटबेडवर, म्हणजे अख्खी गाडी वाहून नेणाऱ्या सपाट ट्रकवर, चढवून न्यावी. आपण पाठवलेल्या छायाचित्रांत डाव्या बाजूच्या पुढच्या बोल्टभोवती रंगाला तडा जाऊन त्यातून तांबूस गंज उतरलेला स्पष्ट दिसतो आणि शेजारचा स्पॉट वेल्ड (पत्रे जोडणारा वेल्डिंगचा ठिपका) पत्र्यापासून सुटून वर आलेला आहे. मागची चाके, त्यांचे आर्म आणि डिफरन्शियल (इंजिनची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा भाग) यांचा सारा भार त्या सबफ्रेमवर असतो आणि ती सबफ्रेम बॉडीला फक्त चार जागी धरलेली असते. त्यांपैकी दोन जागा फाटल्या असतील, तर महामार्गावर वेगात असताना किंवा अचानक ब्रेक दाबावा लागल्यास गाडीची मागची बाजू कशी वागेल याचा भरवसा कोणालाही देता येणार नाही. पैशाचा विचार त्यानंतर करू.

हा दोष आपल्या एकट्याच्या गाडीत उद्भवलेला नाही. १९९८ ते २००६ या काळात बनलेल्या ३ सीरिजच्या या पिढीत तो जगभर ठाऊक असलेला दोष आहे. गाडी जोरात पुढे काढताना आणि ब्रेक लावताना डिफरन्शियल सबफ्रेमला पिळते, सबफ्रेम तो पीळ डिकीखालच्या पातळ पत्र्यावर टाकते, आणि वर्षानुवर्षे असे झाल्यावर पत्रा व त्याचे स्पॉट वेल्ड थकतात. सबफ्रेमच्या जोडातले रबरी बुश झिजलेले असतील तर हे अधिक लवकर होते. म्हणूनच योग्य दुरुस्तीत सबफ्रेम पूर्ण खाली उतरवणे, पेट्रोलची टाकी काढणे किंवा सुरक्षित करणे, पत्रा उघडा करून तडे शोधणे, तड्यांच्या टोकाला भोक पाडून ते पुढे सरकण्यापासून थांबवणे, वेल्डिंग करणे, चारही जागी मजबुतीचे पत्रे बसवणे, नवीन बुश घालणे आणि शेवटी गंजरोधक लेप देणे, एवढी कामे येतात. पुण्याच्या अंदाजपत्रकात ही सगळी आहेत, त्यामुळे २,६०,००० हा आकडा मला अवाजवी वाटत नाही. मला खटकते ती त्याच अंदाजपत्रकातील शेवटची ओळ : ‘अन्य काम उघडल्यावर.’

ही ओळ गॅरेजवाल्याने प्रामाणिकपणे लिहिली आहे, कारण वीस वर्षांहून जुन्या गाडीची सबफ्रेम उतरवल्यावर गंजलेल्या ब्रेक पाइप, अडकून तुटणारे बोल्ट, एक्झॉस्टचे खराब झालेले हँगर, न फाटलेल्या वाटणाऱ्या उरलेल्या दोन जागांवरील बारीक तडे, यांतले काय निघेल ते आधी कोणालाही सांगता येत नाही. परंतु आपल्या बाजूने पाहता त्या ओळीपुढे रक्कम लिहिलेली नाही, म्हणजे आपण सही करत आहात ती एका कोऱ्या जागेवर. अशा कामात मी मूळ रकमेचा चौथा हिस्सा जादा धरतो. २,६०,००० अधिक ६५,००० अधिक पुण्याला नेण्या-आणण्याचे सुमारे २०,००० धरले तर एकूण ३,४५,००० रुपये होतात. यापुढचा सर्व हिशेब याच आकड्यावर करावा.

आता आपल्या भीतीविषयी. गाडीत ६,४०,००० रुपये गेले आहेत हे खरे आहे आणि त्याचे वाईट वाटणे स्वाभाविक आहे. पण ते पैसे दुरुस्ती केली तरी परत येणार नाहीत आणि नाही केली तरी येणार नाहीत, म्हणून आजच्या निर्णयात त्या आकड्याला जागा देऊ नये. आज विचारायचा प्रश्न एवढाच की गाडी आहे या अवस्थेत किती देते आणि दुरुस्तीनंतर किती देईल. आपल्याच चौकशीनुसार, दोष माहीत असलेला पुण्यातील एक खरेदीदार आजच्या अवस्थेत २ लाख द्यायला तयार आहे, आणि चोख दुरुस्तीची बिले जोडलेली अशी गाडी लोक ६ लाखांना मागतात. मागणीची किंमत आणि हातात पडणारी किंमत यांत अंतर असते, म्हणून मी ५,५०,००० धरतो. त्यातून ३,४५,००० वजा केले की उरतात २,०५,०००.

२ लाख आणि २,०५,०००. म्हणजे विक्रीच्या दृष्टीने दुरुस्तीतून आपल्याला काहीही मिळत नाही, मात्र अनेक महिन्यांचा वेळ, पैसे अडकणे आणि अंदाज चुकण्याची जोखीम हे सर्व आपल्या पदरात पडते. दुरुस्ती करायची असेल तर ती केवळ गाडी स्वतःकडे ठेवून चालवण्याच्या आनंदासाठी करावी. आपण लिहिले आहे की कॉलेजात असल्यापासून या गाडीचे आकर्षण होते. सहा सिलिंडरचे ते इंजिन आणि मागच्या चाकांवर चालणारी ती तोललेली गाडी यांचे मोल ज्याला कळते त्याला ती हवीशी वाटणारच, आणि कष्टाच्या पैशातून अशी एखादी हौस पुरी करण्यात मला काहीही गैर वाटत नाही. प्रश्न ती हौस कोणत्या पैशातून पुरी होते, हा आहे.

३ लाखांच्या कर्जाचा १४ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी मासिक हप्ता सुमारे १०,२५० रुपये बसतो आणि एकूण व्याज ६९,००० रुपयांच्या आसपास जाते. वरची ४५,००० रुपयांची रक्कम आपल्या शिल्लकीतून जाईल. सगळे भागवून आपल्याकडे महिन्याला २०,००० रुपये उरतात, त्यांतले निम्म्याहून अधिक या हप्त्यात जातील. आपला महिन्याचा बांधील खर्च ७५,००० असताना हाताशी असलेली १,६०,००० ची शिल्लक जेमतेम दोन महिने पुरते, आणि त्यातून ४५,००० काढले तर दीड महिनाच. नोकरदार माणसाला मी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला सांगतो, आपल्यासारख्या भागीदाराला तर त्याहून कमी सांगणे मला योग्य वाटत नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने भारतीय मालावर एकूण ५० टक्के आयात शुल्क लावले तेव्हा निर्यातीवर चालणाऱ्या टॉवेल कारखान्यांना काय सोसावे लागले, हे आपण माझ्यापेक्षा जवळून पाहिले आहे. ऑर्डर अडकली की भागीदाराची उचल सर्वांत आधी थांबते, कामगारांचा पगार आणि सुताची देणी त्याच्या आधी द्यावी लागतात, आणि बँकेचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच जातो.

विम्यातून काही निघेल का, असे आपण विचारलेले नाही, तरी सांगून ठेवतो. सर्वसमावेशक पॉलिसीतही झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेले असतात. हा तडा अपघाताने पडलेला नसून पत्रा थकल्याने पडलेला आहे, त्यामुळे दावा मान्य होण्याची आशा धरू नये, आणि जुना दोष अपघाताच्या नावाखाली दाखवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच ऐकू नये. गाडी उभी असली तरी पॉलिसी मात्र चालू ठेवावी. मुदत संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झाले नाही तर नो-क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो.

आईंच्या ठेवीबद्दल मला ठामपणे सांगायचे आहे की ती मोडू नये. आपल्या पत्रात एक वाक्य ओझरते आले आहे की तिमाही व्याजातून त्या आपल्या औषधांचा खर्च स्वतः भागवतात. ठेव मुदतीआधी मोडल्यास बँक सहसा व्याजदरात अर्धा ते एक टक्का कापते, पण ते नुकसान किरकोळ आहे. खरे नुकसान असे की आज त्यांना औषधासाठी मुलाकडे पैसे मागावे लागत नाहीत, उद्या लागतील. त्या आनंदाने ‘मोड’ म्हणत असतील यात शंका नाही, कारण आया तसेच म्हणतात. म्हणूनच हा प्रश्न त्यांच्यापुढे पुन्हा नेऊ नये, हे बरे.

राहिला ३५,००० रुपयांचा पर्याय. आपण लिहिले आहे की ते वेल्डर सबफ्रेम न उतरवता खालूनच तड्यावर वेल्डिंग करून वरून काळा लेप मारून देणार आहेत. ओल आलेल्या भिंतीवर रंगाचा हात फिरवावा, तसे हे काम आहे. बाहेरून दिसणारा तडा बुजेल, आतला थकलेला पत्रा तसाच राहील आणि वेल्डिंगच्या कडेने पुन्हा फाटेल. त्यात ती गाडी तशीच विकली तर प्रश्न पैशाचा राहत नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातील कलम १७ नुसार माहीत असलेली गोष्ट जाणूनबुजून झाकून ठेवणे ही फसवणूक ठरते, आणि अशा फसवणुकीने झालेला करार खरेदीदार रद्द करवू शकतो. कायदा बाजूला ठेवला, तरी ती गाडी पुढे कोणाचे तरी कुटुंब घेऊन सोलापूर-पुणे महामार्गावर धावणार आहे. या पर्यायाचा विचार आपण आजच सोडून द्यावा. आणि याच निमित्ताने, गाडी लिफ्टवर असताना त्या जागी आधीचे वेल्डिंग किंवा तुलनेने ताजा लेप दिसला होता का, हे मिस्त्रींना विचारून घ्यावे. तसे असेल तर आपल्यालाही दोष झाकून गाडी विकली गेली असण्याची शक्यता आहे. मग छायाचित्रे, व्यवहाराचे संदेश आणि पैसे दिल्याच्या नोंदी घेऊन एखाद्या वकिलांचा सल्ला घ्यावा. मात्र तिथून काही मिळेल असे धरून आत्ताचा हिशेब मांडू नये.

कर्ज नाही, ठेव नाही, झाकपाक नाही, तर मग गाडी उभी ठेवून बचतीतून दुरुस्ती करता येईल का, हाही विचार मी करून पाहिला. सहा महिन्यांच्या खर्चाची राखीव रक्कम म्हणजे ४,५०,००० रुपये, त्यातले १,६०,००० आहेत, राहिलेले २,९०,००० जमायला महिना २०,००० प्रमाणे चौदा-पंधरा महिने लागतील. त्यानंतर दुरुस्तीचे ३,४५,००० जमायला आणखी सतरा-अठरा महिने. म्हणजे अडीच वर्षांहून अधिक काळ गाडी झाकून उभी, बॅटरी आणि टायर खराब होत आहेत, गंज पुढे सरकतो आहे आणि अंदाजपत्रकही वाढते आहे. त्यातच आपल्या आर.सी.वरील नोंदणी मार्च २०२९ ला संपते. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने वीस वर्षांवरील गाड्यांच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क वाढवले. देशात बनलेल्या मोटारीला ते १०,००० रुपये आहे, पण आयात केलेल्या चारचाकीला ८०,००० रुपये. शिवाय पर्यावरण कर आणि आरटीओची तपासणी वेगळी. गाडी नीट होऊन हातात येईल न येईल तोच हा खर्च दारात उभा राहील. घेताना हा आकडा कोणी आपल्याला सांगितला नसावा, असे पत्रावरून वाटते.

म्हणून माझा सल्ला असा की गाडी आहे त्या अवस्थेत, दोष उघड सांगून, विकावी. कारखान्यातून एरवी न येणारी अशी रक्कम येत्या काही महिन्यांत आली की जिच्यातून राखीव निधी पूर्ण होऊनही साडेतीन लाख उरतील, तर आनंदाने दुरुस्ती करावी आणि गाडी मनसोक्त चालवावी. पण त्या आशेवर आजचा खरेदीदार सोडू नये, कारण ही गाडी ओळखून, दोषासकट घेणारी माणसे थोडी असतात. पुण्यातील त्या खरेदीदाराला छायाचित्रे, अंदाजपत्रक आणि आपण नव्याने टाकलेल्या टायर-सस्पेन्शनची बिले एकत्र पाठवावीत. दोषाची पूर्ण माहिती आणि कामाचा लेखी अंदाज समोर असला की घासाघीस कमी होते. २,२५,००० वर बोलणी सुरू करून २ लाखांपर्यंत यायला हरकत नाही.

व्यवहाराच्या कागदावर ‘मागील सबफ्रेमच्या जोडाजवळ बॉडीचा पत्रा फाटलेला आहे, गाडी दुरुस्तीशिवाय चालवण्यास योग्य नाही, हे खरेदीदारास माहीत आहे’ असे स्पष्ट लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. मालकी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० नुसते सही करून देऊन मोकळे होऊ नये. मालकी हस्तांतराचा अर्ज प्रत्यक्ष दाखल झाल्याशिवाय गाडी ताब्यात देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे की गाडी विकलेली असली, तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईस जबाबदार धरला जाईल, आणि अशा फाटलेल्या गाडीच्या बाबतीत ही जोखीम आपण एक दिवसही अंगावर ठेवू नये.

हातात येणारे २ लाख घराच्या कर्जात भरण्याचा मोह होईल. तसे न करता ते सरळ राखीव निधीत टाकावेत. १,६०,००० चे ३,६०,००० होतील, म्हणजे जवळजवळ पाच महिन्यांचा खर्च, आणि उरलेले ९०,००० महिन्याच्या बचतीतून चार-पाच महिन्यांत भरून निघतील. त्यानंतर पुन्हा अशाच एखाद्या गाडीसाठी पैसे साठवायला सुरुवात करावी. पुढची गाडी घेताना मात्र पैसे देण्यापूर्वी ती लिफ्टवर चढवून, डिकीचा गालिचा उचलून, आपल्या विश्वासातल्या मिस्त्रीकडून तपासून घ्यावी, आणि आयात केलेली असेल तर तिच्या नोंदणीची मुदत कधी संपते ते आर.सी.वर आधी पाहावे.