पीपीटी नंतर बनव, आधी हे वाच

हाय गं,

तुझा मेसेज वाचला, एवढा मोठा होता की आधी चहा टाकला आणि मग निवांत वाचत बसले. म्हणजे तुला १० डिसेंबरच्या, मानवी हक्क दिनाच्या आधी नाशिकच्या शाळा-कॉलेजांमधे मानवी हक्कांची सेशन्स घ्यायचीयेत, तुमच्या ऑनलाइन ग्रुपमधल्या बाकीच्या देशांतल्या पोरांना पण ते दाखवायचंय, आणि माझ्याकडून एक रेडिमेड पीपीटी हवीये. तर पीपीटी नाही मिळणार. रागावू नकोस, का ते सांगते.

तू काय बोलशील ते मला आत्ताच दिसतंय. युनोचा मानवी हक्कांचा जाहीरनामा १९४८ ला पॅरिसमधे मंजूर झाला, ४८ देश बाजूने, विरोधात कोणीच नाही, ८ तटस्थ, कलमं ३०, त्यातलं २६ वं शिक्षणाचं. सगळं खरं आहे, सगळं गुगलवर पण आहे, आणि सिडकोतल्या नाहीतर सातपूरच्या शाळेतली नववीची पोरं दहाव्या मिनिटाला जांभया द्यायला लागतील. त्यांची काही चूक नाही त्यात. नागरिकशास्त्रात अजून पाच मार्कांचं काहीतरी आलं, एवढंच वाटतं त्यांना.

युनोने २०११ मधे खास मानवी हक्कांच्या शिक्षणावर वेगळा जाहीरनामा काढला, तो मात्र वाच, छोटासाच आहे. त्यात म्हटलंय की हक्कांबद्दल माहिती द्यायची, ती देताना शिकणाऱ्याचे आणि शिकवणाऱ्याचे हक्क पाळायचे, आणि शेवटी हक्क वापरता येतील एवढी ताकद पोरांच्या हातात द्यायची. आपल्याकडे माहिती दिली की काम झालं, फोटो काढला, बॅनर गुंडाळला, निघालो. मधला भाग कोणी करतच नाही, आणि माझं मत विचारशील तर सगळं तिथेच ठरतं.

आता बघ, तू पुढे उभी राहून प्रतिष्ठा, समानता वगैरे बोलतेयस आणि हॉलच्या दारात पीटीचे सर छडी घेऊन उभे आहेत. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मुलांना मारायलाही बंदी आहे आणि मानसिक त्रास द्यायलाही, कायदा २०१० पासून लागू आहे, तरी छडी आहेच. पोरं तुझं ऐकणार का छडीकडे बघणार? म्हणून आदल्या दिवशीच मुख्याध्यापकांना भेटून सांगायचं की सर, शिक्षकांनी पण गोलात आमच्यासोबत बसायचं नाहीतर थोडा वेळ बाहेर चहा घ्यायचा, आणि हे हसत हसत सांगायचं, भांडायचं नाही, कारण पुढच्या वर्षी परत त्याच शाळेत जायचंय तुला. बाकं बाजूला सरकवायची. मुली मागे गठ्ठ्याने बसल्या असतील तर तिथून सुरुवात करायची. माईक असेल तर तो फिरता ठेव. आणि सेशनचे नियम पोरांना ठरवू दे, एकजण बोलताना दुसऱ्याने हसायचं नाही हा नियम बहुतेक वेळा तीच काढतात.

मग एक खेळ घे. जगभर घेतात हा, तुझ्या ग्रुपमधल्या कोणालाही विचार, माहीत असेल. प्रत्येकाला एक चिठ्ठी, त्यात एक माणूस, सगळे एका रेषेत उभे, तू एकेक वाक्य वाचायचं आणि ज्याला ते लागू पडतं त्याने एक पाऊल पुढे यायचं. तयार चिठ्ठ्या नेटवर मिळतात पण त्या उचलू नकोस, नाशिकच्या बनव. अंबड एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर असलेला हेल्पर. सुरगाण्याची दहावीतली मुलगी जिचं लग्न ठरवायचं चाललंय. गंगापूर रोडच्या डॉक्टरांचा मुलगा. व्हीलचेअरवर असलेली कॉलेजची विद्यार्थिनी, द्राक्षबागायतदाराची सून, रामकुंडावर फुलं विकणारा पोरगा, तृतीयपंथी व्यक्ती, नगरसेवकाचा पुतण्या. वाक्यं पण तशीच, म्हणजे 'पोलीस स्टेशनला गेलो तर मला खुर्ची मिळते', 'रात्री नऊनंतर एकटी शालिमारहून घरी जाऊ शकते', 'आजारी पडले तर पगार कापत नाहीत'. पंधरा वाक्यांनंतर नगरसेवकाचा पुतण्या भिंतीला टेकलेला असतो आणि दोघं-तिघं अजून रेषेवरच.

इथे एक जपून. चिठ्ठ्या वाटताना डोळे उघडे ठेव, जो मुलगा खरंच फुलं विकतो त्याच्याच हातात ती चिठ्ठी नको जायला. आणि खेळाला वीस मिनिटं दिलीस तर बोलायला चाळीस ठेव. मागे राहिलेल्याला काय वाटलं ते विचार, पण पुढे गेलेल्याला पण विचार की तुला मागचे कधी दिसायचे बंद झाले. खरा क्लास तिथे होतो, आणि वेळ संपली म्हणून लोक नेमका तोच कापतात, आभार प्रदर्शन मात्र कापत नाहीत.

यानंतर हातात काहीतरी दे. पोरांना सांग, आपलीच शाळा तपासा. आरटीई कायद्याच्या शेवटी एक परिशिष्ट आहे, त्यात लिहिलंय की मुलामुलींसाठी वेगळं टॉयलेट, पिण्याचं सुरक्षित पाणी, अडथळ्याशिवाय आत येता येईल असा रस्ता, खेळाचं मैदान, पहिली ते पाचवी वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा. त्याची एका पानाची यादी बनवायची आणि पोरांनी वही घेऊन फिरायचं. टॉयलेटला कडी आहे का इथपर्यंत. मग ती यादी शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्यायची, त्यात ७५ टक्के पालक असावे लागतात, बऱ्याच पालकांना आपण समितीवर आहोत हेच माहीत नसतं ती गोष्ट वेगळी. तिथे नाही हललं तर कोणाच्या तरी आईबाबांच्या नावाने माहितीचा अधिकार टाकायचा, १० रुपये फी, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पोरांना एकदा कळलं ना की सरकारी ऑफिसला आपल्या कागदाचं उत्तर द्यावंच लागतं, त्यानंतर त्यांना हक्क म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही.

अजून एक. द्राक्षांची ऑक्टोबरची छाटणी सुरू झाली की पेठ, सुरगाण्याकडची कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या बागांवर कामाला येतात, सोबत पोरं असतात आणि त्यांची शाळा सुटते. जवळच्या सरकारी शाळेने 'दाखला आणा मग बघू' म्हटलं तर ते चालत नाही, दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही असं आरटीईच्या कलम ५ मधे स्पष्ट आहे, आणि जन्माचा पुरावा नाही म्हणूनही अडवता येत नाही, ते कलम १४. तुझ्या कॉलेजच्या ग्रुपला एवढंच काम दे. दोन गावं घ्या, अशी पोरं शोधा, शाळेत नेऊन बसवा.

घरून ओरडा पडेल की ही सगळी बाहेरच्या लोकांची खुळं आहेत. तेव्हा वाद घालू नकोस, रविवारी सगळ्यांना घेऊन पंचवटीत जा. काळाराम मंदिराच्या दारात २ मार्च १९३० ला दलितांना आत जाता यावं म्हणून सत्याग्रह सुरू झाला, दांडीयात्रा निघायच्या दहा दिवस आधी, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, आणि तो वर्षानुवर्षं लावून धरणाऱ्यांत दादासाहेब गायकवाड होते, आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंब्याचे, तेव्हा वय २७. युनोचा जाहीरनामा यायला अजून अठरा वर्षं होती. आणि तो जाहीरनामा लिहिला जात होता तेव्हाही युनोच्या मानवी हक्क आयोगावर भारताकडून हंसा मेहता होत्या, पहिल्या कलमात नुसते पुरुष येत होते ते त्यांनी हटून बदलून घेतलं. तर बाहेरचं काय त्यात.

दुसरा ओरडा म्हणजे 'हक्क शिकवले की पोरं उद्धट होतात, आधी कर्तव्य शिकवा'. त्याला माझ्याकडे एकच उत्तर आहे, २०१८ चा लाँग मार्च. नाशिकच्या सीबीएस बस स्टँडवरून निघालेले आपले आदिवासी शेतकरी, वनजमिनीचे पट्टे मागायला मुंबईपर्यंत चालत गेले, कितीतरी बायकांच्या पायात चप्पल नव्हती, आणि शेवटच्या टप्प्यात शहरात दहावीची परीक्षा आहे पोरांना त्रास नको म्हणून रात्रीच चालून आझाद मैदान गाठलं. हे ऐकवल्यावर समोरचा बहुतेक विषय बदलतो.

तुमच्या इंटरनॅशनल कॉलबद्दल. युनोचा मानवी हक्क शिक्षणाचा जागतिक कार्यक्रम २००५ पासून चालू आहे, २०२० ते २४ चा टप्पा तरुणांवर होता आणि २०२५ ते २९ चा मुलं आणि तरुण दोन्हींवर, त्यात डिजिटल टेक्नॉलॉजी, हवामान बदल आणि लिंगसमानता यावर जोर आहे. म्हणजे तुमचे विषय बऱ्यापैकी जुळतील. फक्त तिथे नाशिकची गरिबी दाखवायला बसू नकोस प्लीज. त्यांच्याकडे शाळेत दाखला नाही म्हणून कोणाला परत पाठवतात का, मग ती पोरं काय करतात, कुठे तक्रार करतात हे विचार, आणि आपली टॉयलेटवाली यादी त्यांना दे, त्यांच्या कायद्याप्रमाणे बदलून वापरतील.

आता सगळ्यात महत्त्वाचं, हे नीट वाच. असं सेशन झालं की एखादी मुलगी नंतर थांबते आणि घरातलं काहीतरी सांगते. तिला 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नकोस. लैंगिक अत्याचाराचं असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली ते कळवणं तुझ्यावर बंधनकारक आहे, तुला आवडो न आवडो. शांतपणे ऐक, खोदून खोदून विचारू नको, तिला खरं काय ते सांग की मला हे पुढे न्यावं लागेल, आणि १०९८ ला, मुलांच्या हेल्पलाइनला फोन लाव. आधी शाळेतली एक विश्वासाची बाई हेरून ठेव, जी तेव्हा तिच्यासोबत बसेल. आणि ती गोष्ट तुमच्या ग्रुपवर, रिपोर्टमधे, नाव बदलून सुद्धा टाकायची नाही. फोटोंचं पण तेच, चेहरे दिसणारे फोटो इन्स्टावर नकोत, पालकांची लेखी परवानगी असेल तरी पोरांना स्वतःला एकदा विचारायचं, आणि नाही म्हणाले तर नाही.

शाळांची यादी आणि तारखा पाठव. सहामाहीच्या परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी टाळून बघ, आणि पहिली शाळा मराठी माध्यमाची घे. चिठ्ठ्या लिहून झाल्या की मला दाखव, आणि तेवढा तृतीयपंथी व्यक्तीचा मजकूर तू मनाने नको लिहूस, तुझ्या कॉलेजजवळ जो गट काम करतो त्यांनाच विचार.

ताई