पहिलाच छोटा गेमिंग पीसी जोडतोय. विंडोज टाकू की लिनक्स?

मित्रांबरोबर काय खेळता, त्यावर ठरवा. व्हॅलोरंट किंवा फोर्टनाइट असेल तर विंडोज ११ला पर्याय नाही, कारण लिनक्सवर हे दोन्ही चालत नाहीत. व्हॅलोरंटला तर विंडोज ११वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूटही (पीसी सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) चालू लागतं, ते बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, आधीच बघून घ्या. एकट्याने खेळायचे स्टीमवरचे गेम असतील तर बझाइट हे गेमिंगसाठीचं लिनक्स बिनधास्त टाका. स्टीममधल्या प्रोटॉन या सॉफ्टवेअरमुळे विंडोजचे बरेचसे गेम त्यावर छान चालतात आणि लायसन्सचे पैसे वाचतात. फक्त ग्राफिक्स कार्ड एएमडी रेडिऑनचं घ्या, त्याचा ड्रायव्हर वेगळा शोधावा लागत नाही.

खरी कसरत कॅबिनेटची. मिनी-आयटीएक्स, म्हणजे छोट्या मापाचा मदरबोर्ड, १७० बाय १७० मिलिमीटरचा असतो, रॅमचे स्लॉट बहुतेकदा दोनच. म्हणून १६ जीबीच्या दोन स्टिक सुरुवातीलाच लावा, नंतर वाढवायला जागा नसते. कॅबिनेट आधी निवडा, मग त्यात बसेल तो कूलर आणि कार्ड. कूलरची उंची, कार्डची लांबी आणि जाडी, तिन्ही बघा. कार्डच्या कडेला पॉवरची केबल वळते, तिच्यासाठीही जागा धरा. एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) शक्यतो एसएफएक्स या छोट्या मापाचा आणि मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलचा, घ्या, नको त्या केबल आत कोंबाव्या लागत नाहीत.

आणि जोडताना प्रोसेसरची ८ पिनची केबल कूलर बसवण्याआधी लावा. एकदा कूलर बसला की त्या कोपऱ्यात बोट शिरत नाही.