प्रश्न सुगंधाचे : कॉन्यॅकचा गंध असलेला परफ्यूम

प्रश्न : माझ्या दिरांनी दुबईहून येताना किलियन ह्या फ्रेंच नाममुद्रेच्या 'एंजल्स शेअर' ह्या परफ्यूमची बाटली आणली. वास मला मनापासून आवडला; परंतु त्याच्या वर्णनात कॉन्यॅकचा, म्हणजे फ्रेंच ब्रँडीचा, उल्लेख असल्यामुळे तो लावून बँकेत कामाला जाण्याचा संकोच वाटतो. आमच्या घरी कोणी मद्य घेत नाही. शिवाय एवढा महागडा परफ्यूम खरोखर त्या योग्यतेचा आहे की नाही, हे कसे पारखावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : आपला संकोच समजण्यासारखा आहे, परंतु मद्यपान केलेल्या माणसाच्या श्वासाला येणारा वास आणि हा सुगंध ह्यांत कोणाचीही गल्लत होणार नाही. २०२० साली आलेला हा परफ्यूम बेनुआ लापूझा ह्यांनी रचला. नाममुद्रेचे संस्थापक किलियन हेनेसी हे १७६५ पासून कॉन्यॅक गाळणाऱ्या हेनेसी घराण्यातले आहेत, आणि नावही त्याच व्यवसायातून आले आहे. ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरत ठेवलेल्या कॉन्यॅकचा दरवर्षी साधारण दोन टक्के भाग लाकडातून झिरपून हवेत विरतो, त्याला तेथील लोक देवदूतांचा वाटा म्हणतात. कोठारांच्या भिंतींवर त्या वाफेवर वाढणाऱ्या बुरशीचा काळा थर चढतो, त्यावरून हा वाटा डोळ्यांनाही दिसतो.

परफ्यूममध्ये जे कॉन्यॅक तेल वापरतात ते वाइन आंबवल्यानंतर तळाशी उरणाऱ्या यीस्टच्या गाळातून वाफेच्या साहाय्याने काढतात. फवारताच नाकाला झोंबते ते साधे द्रावक अल्कोहोल असते. ते फवाऱ्याच्या बहुतेक सर्व परफ्यूममध्ये असते आणि थोड्याच वेळात उडून जाते. त्यानंतर ओक, दालचिनी, टोंका बी (दक्षिण अमेरिकेतील एका झाडाची गोडसर वासाची बी), साखरेच्या पाकात परतलेल्या सुक्या मेव्याची आठवण देणारे प्रालिन, व्हॅनिला आणि चंदन हा या सुगंधाचा ऐवज असतो. ओकची पिंपे बनवताना लाकूड आतून शेकतात आणि त्या आचेने लाकडाला कणखरपणा देणाऱ्या लिग्निन ह्या घटकापासून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाच्या वासाचा मुख्य घटक, तयार होते, म्हणून मुरलेल्या ब्रँडीत व्हॅनिलाची झाक मुळातच असते. ह्या रचनेतले मद्य आणि मिठाई एकमेकांना परके वाटत नाहीत, ते ह्यामुळेच; आणि माझ्या मते ह्या परफ्यूमची खरी हुशारी तेथेच आहे.

आता पारख. दुकानात कागदी पट्टीवर घेतलेल्या पहिल्या वासावरून मत बनवू नये, कारण सुरुवातीचे चमकदार घटक अल्पजीवी असतात आणि बाटली प्रामुख्याने त्यांच्याच जोरावर विकली जाते. मनगटाच्या आतल्या बाजूला एकदाच फवारावे, मनगटे एकमेकांवर घासू नयेत, आणि तो पहिल्या पाच मिनिटांत, तासाभराने व संध्याकाळी असा वेगवेगळ्या वेळी हुंगावा. ओकचा कोरडा, किंचित तुरट गंध गोडव्याला शेवटपर्यंत सावरून धरतो का, हे पाहावे. तो लवकर मावळला आणि मागे नुसती साखर उरली, तर किंमत कितीही असो, परफ्यूम उणा ठरतो. एंजल्स शेअरची पहिली घटका मला अतिशय देखणी वाटते. उत्तरार्ध सुखद आहे, पण तितका वेगळा नाही. आपल्याला काही वेळाने वास येईनासा झाला, तरी तो संपला असे समजून पुन्हा फवारू नये. नाक सततच्या गंधाला सरावते. शेजारच्या मेजावरच्या सहकाऱ्यांना तो येतच असतो.

बँकेसाठी एकच फवारा, तोही कपड्यांच्या आत, पुरे. एप्रिल-मेच्या उन्हात हा गोडवा जड होतो आणि बंद खोलीत इतरांचे डोके दुखवू शकतो. पुण्याच्या थंडीत मात्र तो खुलतो. दालचिनीतले सिनामाल आणि टोंकातले कुमारिन ह्यांची काहींना ॲलर्जी असते, म्हणून प्रथम त्वचेच्या लहानशा भागावर लावून एक दिवस वाट पाहावी.

प्रश्न : 'खमरा' हा स्वस्त परफ्यूम एंजल्स शेअरसारखाच आहे असे सांगतात. तो घ्यावा का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : संयुक्त अरब अमिरातीतील लताफा कंपनीचा खमरा २०२२ साली आला. दालचिनी, प्रालिन, टोंका आणि व्हॅनिला हे दोन्हींत सामाईक आहेत, त्यामुळे दुरून साम्य भासते. परंतु खमऱ्यात खजुराचा दाट गोडवा आहे आणि लाकडाचा कोरडेपणा त्या मानाने कमी आहे. दाट गोड सुगंध आवडत असल्यास अवश्य घ्यावा, त्यात कमीपणा काहीच नाही. ओकसाठी घेत असाल तर मात्र निराशा होईल.

प्रश्न : मद्यासारख्या वासाच्या काही परदेशी परफ्यूममध्ये दवणा असतो असे वाचले. हा आपला जोतिबाला वाहतात तोच का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : होय, चैत्र यात्रेत जोतिबाला वाहिला जातो तोच सुगंधी दवणा. त्याचे तेल मुख्यतः कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत निघते. ताज्या डहाळीचा वास हिरवा, वनौषधीसारखा असतो. तेलात मात्र सुकवलेल्या फळांचा आणि गोड मद्याचा भास होतो, म्हणून रम किंवा ब्रँडीची छटा आणण्यासाठी सुगंधकार ते वापरतात. निरनिराळ्या माणसांच्या त्वचेवर त्याचा वास वेगवेगळा उमटतो, असाही त्यांचा अनुभव आहे. घरी आणल्यास ते थेट अंगाला न लावता चंदनाच्या तेलात किंवा अन्य वाहक तेलात (सुगंधी तेल सौम्य करण्यासाठी वापरतात त्या साध्या तेलात) अगदी थोडे मिसळून वापरावे.