नुकसान झालं की आधी कळव

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज मिळाला. रिव्हर्स घेताना फाटकाच्या खांबाला गाडी घासली, खांबावरचा दगड निसटला, घरात कोणी नव्हतं, आणि तू पार्सल ठेवून पुढच्या पत्त्यावर निघून गेलास. आता विचारतोस, कळवू की नको. कळव. हे पत्र बाजूला ठेव, आधी सुपरवायझरला फोन कर, आणि मग पुढचं वाच.

फोन केलास असं धरून लिहितो. खांब घासला हा एक प्रकार झाला आणि न सांगता निघून गेलास हा दुसरा. कंपनी या दोन्हींकडे एका नजरेने बघत नाही. खांबाचं नुकसान बहुतेक वेळा विम्यातून भरून निघतं. पहिलीच वेळ असेल तर तोंडी समज किंवा लेखी ताकीद, फार तर पुन्हा प्रशिक्षण, एवढ्यावर ते मिटतं. निघून जाणं मात्र अप्रामाणिकपणात धरलं जातं, आणि ज्या चुकीवर कुणाची नोकरी गेली नसती तिथे लपवल्यामुळे ती जाते. कायद्याचंही तेच आहे. रस्ते वाहतुकीविषयीच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात हे स्पष्ट लिहिलंय: फक्त मालमत्तेचं नुकसान झालं असेल आणि मालक जागेवर नसेल, तर चालकाने शक्य असल्यास तिथेच आपलं नाव-पत्ता ठेवावा, आणि काही झालं तरी लवकरात लवकर ती माहिती मालकापर्यंत पोचवावी, थेट जमत नसेल तर पोलिसांमार्फत. हा करार न स्वीकारलेल्या कित्येक देशांतही असं निघून जाणं गुन्हाच आहे. तू चार-पाच तास उशीर केलास. चार-पाच दिवस झाले असते तर मी हे पत्र वेगळ्या सुरात लिहिलं असतं.

गाडीचं जीपीएस, पार्सल स्कॅन केल्याची वेळ, दाराच्या बेलमधला कॅमेरा, गाडीला बसलेला धक्का नोंदवणारं यंत्र, यांतून आज ना उद्या गोष्ट बाहेर येतेच, हे तुला ठाऊक आहे. पण केवळ त्या भीतीने कळव असं मी म्हणत नाही. संध्याकाळी घरी येऊन निसटलेला दगड बघणाऱ्या माणसाला, हे कुणी केलं आणि भरून कोण देणार, हे कळायलाच हवं. तो हलता दगड एखाद्या मुलाच्या डोक्यात पडू शकतो, म्हणून तर आजच कळवायचं.

पुढच्या वेळी (आणि या कामात पुढची वेळ येते) हा क्रम ठेव. गाडी थांबव, हँडब्रेक ओढ, धोक्याचे दिवे लाव. खाली उतरण्याआधी वर आणि आजूबाजूला बघ. विजेची तार गाडीवर पडली असेल तर उतरूच नकोस. आतच बसून मदत मागव आणि जवळ येणाऱ्यांना ओरडून लांब ठेव. गाडीने पेट घेतला आणि बाहेर पडणं भागच पडलं, तर दोन्ही पाय जोडून उडी मार, गाडीला आणि जमिनीला एकाच वेळी अंग लागू देऊ नकोस, आणि पाय एकमेकांना चिकटवून ठेवत लहान उड्या मारतच दूर जा. गॅसच्या पाइपला किंवा मीटरला धक्का लागला असेल तर इंजिन बंद कर, लांब जा आणि तिथूनच फोन कर.

असा धोका नसेल तर फोटो काढ, आणि गाडी हलवायच्या आधी काढ. आधी लांबून, म्हणजे गाडी, खांब आणि रस्ता एका चौकटीत येतील. मग जवळून. टायरच्या खुणा, जमीन ओली होती का, उजेड किती होता, समोर कुठली पाटी होती. खांबावर आधीपासून असलेल्या चिरा आणि गाडीवरचे जुने ओरखडे वेगळे टिप. हे फार कमी जण करतात, आणि नंतर जुनं नुकसानही त्यांच्याच नावावर चढतं. पडलेला दगड आपल्या हाताने परत बसवून ठेवू नकोस. हेतू चांगला असला तरी दिसताना ते लपवल्यासारखं दिसतं.

मालक भेटला तर मनापासून दिलगिरी व्यक्त कर. नाव, कंपनी, गाडीचा नंबर दे. पण ‘सगळा खर्च मी देतो’ असं बोलू नकोस, कारण तो शब्द देण्याचा अधिकार तुझ्याकडे नाही. विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये, अशी अट विम्याच्या कागदांत बहुधा असते. खिशातून रोख देऊन मिटवूही नकोस. पुढच्या आठवड्यात त्याच खांबाचा खर्च तिप्पट सांगितला गेला तर तुझ्या हातात काय असेल?

आता कंपनीला द्यायच्या लेखी खुलाशाकडे येतो, कारण मला सर्वात जास्त काळजी त्याचीच वाटते. घाबरलेला माणूस एक तर सगळा दोष स्वतःवर घेतो किंवा सगळा दुसऱ्यावर ढकलतो. तू फक्त जे पाहिलंस, ऐकलंस, केलंस ते लिही. ‘माझं लक्ष नसावं’ हा अंदाज झाला. ‘डाव्या आरशात खांब दिसत नव्हता, मी उतरून मागे बघितलं नाही, घासल्याचा आवाज आल्यावर ब्रेक दाबला’ ही हकिकत झाली. निघून गेलास तेही लिही, किती वाजता कळवलंस तेही लिही. वेग माहीत नसेल तर आकडा टाकू नकोस. यंत्रातला आकडा वेगळा निघाला की उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही कुणी विश्वास ठेवत नाही. आरसा सैल होता किंवा मागचा कॅमेरा बंद होता, तर ते अवश्य लिही. पण ही तक्रार सकाळी गाडी ताब्यात घेताना नोंदवलेली असेल तरच तिला वजन येतं. ती सवय उद्यापासून लाव.

चौकशीत एक प्रश्न हमखास येईल: हा अपघात टाळता आला असता का? कायद्याने दोष कुणाचा, याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो. थांबलेल्या वस्तूवर रिव्हर्समध्ये गेलेली गाडी जवळजवळ नेहमीच ‘टाळता येण्याजोगा’ या रकान्यात जाते. त्यावर वाद घालू नकोस, ते खरंच आहे.

बाकी गोष्टींवर मात्र गप्प बसू नकोस. आरोप लेखी माग. फोटो आणि नोंदी बघायला माग. युनियन असेल तर प्रतिनिधी, नसेल तर एखादा सहकारी सोबत बसू देतात का ते विचार. कागदावर सही मागितली तर ‘मिळाले’ एवढंच लिहून तारीख टाक. मजकूर मान्य नसेल तर तसंही तिथेच लिही. आणि ‘तूच राजीनामा दे, रेकॉर्ड स्वच्छ राहील’ असं कुणी म्हटलं तर त्या दिवशी काहीही सही न करता घरी ये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 1982 चा 158 क्रमांकाचा करार सांगतो की वर्तनाच्या कारणावरून कामावरून काढण्याआधी माणसाला बाजू मांडायची संधी मिळालीच पाहिजे. तो बंधनकारक आहे तो स्वीकारलेल्या देशांनाच, पण ऐकून घेतल्याशिवाय शिक्षा नको हे तत्त्व त्याहून कितीतरी जुनं आहे. पगारातून नुकसान कापण्याचंही तसंच: 1949 चा 95 क्रमांकाचा करार म्हणतो की कपात कायद्याने किंवा सामूहिक कराराने (म्हणजे युनियन आणि मालक यांच्यातल्या कराराने) ठरवलेल्या अटींवर आणि मर्यादेतच व्हावी. तेव्हा कपात दिसली की कुठल्या नियमाखाली, हे लेखी विचार. विचारणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

तुझे काही मित्र ॲपवर काम करतात. त्यांना ना सुपरवायझर, ना चौकशी. एका सकाळी आयडी ब्लॉक झालेला दिसतो. हा अन्याय मला फार बोचतो. त्यांना सांग, घटना घडली की त्याच तासात ॲपमध्ये कळवा आणि त्या फेरीचा तपशील, चॅट, फोटो स्वतःकडे साठवा. आयडी गेला की जुन्या नोंदीही हातातून जातात, मग अपील कशाच्या आधारावर करणार?

गाडी चालवण्याबद्दल फार लिहीत नाही, तुझा हात चांगला आहे. एवढंच लक्षात ठेव: मागच्या चाकांच्या मागे असलेला गाडीचा भाग वळताना उलट्या बाजूला फेकला जातो, आणि भरलेली गाडी जिथून सहज गेली तिथे रिकामी अडकू शकते, कारण वजन उतरलं की ती वर उचलली जाते. शक्य तिथे खासगी आवारात गाडी नेऊच नकोस, चालत जा. रिव्हर्स घ्यावाच लागला तर आधी उतरून मागे बघ. वेळ जातो म्हणून वरून ओरड झाली तर उतरून बघत होतो असं सरळ सांग.

खुलाशाचा मसुदा आज रात्रीच लिही आणि देण्याआधी मला पाठव. त्यात अंदाजाची वाक्यं कुठे शिरली आहेत ते आपण दोघं मिळून बघू.

तुझा,
जुना सहकारी