भारत फुटबॉलचा अंडर-१७ वर्ल्ड कप खेळला, मग क्वालिफाइंग कधी पास केलं?
केलंच नाही. २०१७ ला आपण यजमान होतो म्हणून थेट एंट्री. बाकी आशियातल्या टीम्सना मात्र घाम गाळावा लागला, आणि तो त्यांनी आपल्या गोव्यातच गाळला, हे इथल्याही बऱ्याच जणांना आठवत नाही!

तेव्हा सिस्टीम अशी होती की आधी छोट्या गटांत पात्रता फेरी, त्यातून १६ टीम्स एएफसी (आशियाई फुटबॉल महासंघ) अंडर-१६ चॅम्पियनशिपला, आणि तिथे सेमीफायनल गाठली की वर्ल्ड कपचं तिकीट, म्हणजे खरी परीक्षा क्वार्टरफायनलचीच, ती हरलात की घरी. २०१६ ची ती चॅम्पियनशिप फातोर्डा आणि बांबोळीला झाली, इराक, इराण, जपान आणि उत्तर कोरिया या चौघांनी नंबर लावला, फायनलला इराकने इराणला पेनल्टीवर हरवलं. आपली पोरं सौदीशी ३-३ खेळली पण ग्रुपमधूनच बाहेर. आणि तोच इराण वर्षभराने वर्ल्ड कपला परत फातोर्ड्यात आला नि जर्मनीला ४-० ने धुतलं, राव.

मैदानावर खेळून आपण वर्ल्ड कपच्या सगळ्यात जवळ गेलो ते २०१८ ला, मलेशियात झालेल्या याच चॅम्पियनशिपमध्ये. क्वार्टरफायनलला दक्षिण कोरियाकडून ०-१, बस्स, एक मॅच कमी पडली.

आता २०२५ पासून वर्ल्ड कप ४८ टीम्सचा आणि दरवर्षी आहे, आशियाच्या जागाही वाढल्यात. त्यामुळे 'आपल्याला चान्सच मिळत नाही' हे रडगाणं मला तरी पटत नाही.